मूट कोर्टाने उलटतपास येत नाही
मूट कोर्ट (कायद्याच्या विद्यार्थ्यांची सरावाची नकली कोर्ट-स्पर्धा) गाजवलं की उलटतपास, म्हणजे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं, आपोआप जमतो, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. मूटमध्ये बहुधा अपिलातला युक्तिवाद असतो, समोर साक्षीदारच नसतो. खरी मेख आहे ती जबाबातली विसंगती, म्हणजे साक्षीदार आधी पोलिसांना एक आणि आता कोर्टात दुसरंच सांगतोय हे, शाबीत करण्यात. पोलिसांपुढच्या जबाबातला नेमका तो विसंगत भागच साक्षीदाराला दाखवायचा, त्यावर खूण करून घ्यायची आणि त्याने नाकारला तर पुढे तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करून घ्यायचा (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १४८). ही शेवटची पायरी राहिली की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

आमच्या सिनियर मॅडम मुंबईच्या फोर्टातल्या चेंबरमध्ये आम्हा ज्युनियरांकडून हेच घोटून घ्यायच्या. एक जण साक्षीदार, दुसरा तपास अधिकारी. प्रश्नात 'आणि' आला की लगेच थांबवायच्या, कारण एका प्रश्नात एकच गोष्ट. शिवाय काळा घोड्याच्या सत्र न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन जरूर बसा, एरवी खटले खुल्या न्यायालयातच चालतात. साक्षीदाराचं उत्तर न्यायाधीश टंकलेखकाला कसं सांगतात ते कान देऊन ऐका. शब्द बदलला तर वकिलाने तिथल्या तिथे उठून, नम्रपणे, दुरुस्ती मागायची असते.