दशावताराच्या रंगपटासाठी स्वस्तातली मॅन्युअल लेन्स: ३५ की ५८?

रानवाट:
नमस्कार. माझ्याकडे सोनी ए६००० कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १६-५० मिमी झूम लेन्स आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्या कुडाळ भागात जत्रा सुरू होतात आणि दशावताराचे प्रयोग रात्रभर चालतात. मला प्रयोगापेक्षा त्याआधीचा रंगपट टिपायचा असतो. देवळाच्या पडवीत, एका बल्बखाली, ट्रंकेला टेकवलेल्या आरशात बघत नट आपला रंग आपणच चढवत असतात. तिथे ५० वर झूम केले की अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० वर जातो आणि चेहऱ्यावरचा रंग दाणेदार दिसतो. दहा हजारांच्या आत टीटीआर्टिसनची ३५ एफ/१.४ नवी घ्यावी, की जुनी हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ एफ/२, अ‍ॅडॅप्टरसह घ्यावी? हाताने फोकस करण्याची सवय अजिबात नाही.

स्थिरहात:
आधी फोकल लेंथ, म्हणजे चौकट किती आवळायची ते सांगणारा मिमीचा आकडा, ठरवा, लेन्सचे नाव नंतर. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, असल्यामुळे ३५ ची चौकट फुलफ्रेमवरच्या साधारण ५२ सारखी दिसते आणि ५८ ची ८७ सारखी. पडवीत मागे सरकायला जागा किती असते, हे आपणच जाणता. घरी झूम ३५ वर ठेवून अर्धा तास फोटो काढा, मग ५० वर काढा. ५८ त्याहूनही आवळलेली असेल.

प्रकाशाचा हिशेब सरळ आहे: एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड जास्त उघडे, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. एफ/५.६ वरून एफ/१.४ वर आल्यास चार स्टॉप, म्हणजे सोळापट प्रकाश मिळतो आणि त्याच शटरला ६४०० चा आयएसओ ४०० वर उतरतो. एफ/२ वर तो ८०० होईल. मात्र आपल्या झूममधले हातकंप सावरणारे स्टॅबिलायझेशन या दोन्ही लेन्समध्ये नाही आणि ए६००० च्या बॉडीतही नाही, त्यामुळे शटर १/१०० सेकंदापेक्षा संथ शक्यतो करू नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी बल्बखाली पट्टे टाळण्यासाठीही १/१०० सोयीचे पडते.

जुनी_काच:
हेलिओसचा मी भक्त आहे, तरीही रंगपटासाठी ती सुचवणार नाही. ही सोव्हिएत लेन्स झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवर बेतलेली आहे, आणि लोक ती घेतात ती मुख्यतः मागच्या पानाफांद्यांची भोवऱ्यासारखी धूसरता पाहून. पण तो भोवरा चौकटीच्या कडांना असतो, आणि आपला लहान सेन्सर नेमक्या कडाच कापून टाकतो. शिवाय ती अर्ध्या मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही.

जोडणीची अडचण नाही. हेलिओसची जोडणी एम४२, म्हणजे आट्यांची, आहे; अशा लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागते, सोनी ई माउंटचे अंतर १८ मिमी आहे. उरलेल्या साडेसत्तावीस मिमीची पोकळ नळी म्हणजेच अ‍ॅडॅप्टर, त्यात काच लागत नाही. निकॉनच्या डीएसएलआरवर हे अंतर मुळातच ४६.५ मिमी असल्यामुळे काचेशिवाय दूरचा फोकस मिळत नाही.

माझी पहिली हेलिओस मी केवळ फोटो पाहून मागवली होती. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला, तर काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले: बुरशी. चार धुळीचे कण असले तर बिघडत नाही, पण तंतू किंवा दुधाळ पडदा दिसला तर लेन्स घेऊ नका. कोकणात राहता, तेव्हा जी लेन्स घ्याल ती पावसाळ्यात सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल वरचेवर वाळवा. चामड्याच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका.

नजरबंदी:
३५ घ्या, असे माझेही मत. सवयीबद्दल थोडे. मेनूतले 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर कॅमेरा लेन्स ओळखणार नाही आणि शटर दबणार नाही. फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय, चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. अ‍ॅपर्चर उघडे असताना ते खरोखर स्पष्ट असलेल्या भागापेक्षा जास्त भाग रंगवून दाखवते. सी१ बटणावर फोकस मॅग्निफायर, म्हणजे चित्राचा भाग मोठा करून दाखवणारी सोय, ठेवा आणि डोळ्यावर मोठे करून पाहा. दीड मीटरवर एफ/१.४ ला जेमतेम दहा सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, एफ/२ ला पंधराच्या आसपास. मी एफ/२ वरच थांबतो.

आपण आरशाचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. आरशातल्या चेहऱ्याचे अंतर म्हणजे कॅमेऱ्यापासून आरशापर्यंतचे आणि आरशापासून चेहऱ्यापर्यंतचे, दोन्ही मिळून. आरशाच्या चौकटीवर फोकस केलात तर चेहरा धूसरच येईल. मॅग्निफायरमध्ये प्रतिबिंबातला डोळा शोधा. नटाची पाठ आणि आरशाची कड विरघळू द्या.

रानवाट:
सर्वांचे आभार. काल स्वयंपाकघरात आईला समोर बसवून झूम ५० वर लावला, तर माझी पाठ फळीवरच्या डब्यांना लागली. ३५ मागवत आहे. तोवर आरशासमोर झूमवरच हाताने फोकस करून पाहतो.