चेनची झीज मोजणाऱ्या ॲपबद्दल मदत हवी आहे

मंडळी, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) जास्त टिकावी म्हणून मी ११ स्पीड सायकलला दोन चेन आलटून पालटून लावतो. हिशोब ठेवायला स्ट्रावावरून (राइड नोंदवायचं ॲप) राइड ओढून घेणारं एक ॲप आहे. नव्या अपडेटमध्ये पार्ट काढून ठेवायची आणि परत बसवायची सोय आली, फार बरं झालं! पण मागची तारीख टाकली की जुन्या राइड दोन्ही चेनवर चढतात. हे कसं निस्तरायचं?

दुसरं, काल झीज मोजायचा गेज लावला तर १,८०० किमी चाललेली चेन झिजून ०.५ टक्के लांबलेली. पावसाळाभर सिंहगडाच्या वाटेवरचा चिखल खाल्लाय तिने, दर वेळी पुसताना फडकं काळंकुट्ट व्हायचं. पावसातले किलोमीटर वेगळे धरणारं ॲप कुणी वापरतं का? वहीत मांडत असाल तर रकाने काय ठेवता, तेही सांगा.