'अलाइन'ला मराठीत काय म्हणावं: संरेखित, समांतर की सुतात?

रेघोटी
कोल्हापुरात ड्राफ्ट्समनचा कोर्स करणाऱ्या मुलांसाठी ऑटोकॅडची (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची) टिपणं मराठीत करायचं काम चालू आहे. एका जागी गाडी अडली आहे. ड्रॉइंगमध्ये एक तिरकी रेषा आहे, शेजारी एक आयताकृती प्लेट. प्लेट आहे तिथेच ठेवून तिची कड रेषेला समांतर करायची. मसुद्यात वाक्य आहे, 'वस्तू रेषेशी संरेखित करा.' ते वाचून मुलं प्लेट उचलतात आणि थेट रेषेवर नेऊन बसवतात. 'समांतर संरेखित करा' म्हटलं तर निविदा सूचना वाचल्यासारखं वाटतं. काय करावं?

उद्यमनगरी
शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कुठल्याबी कारखान्यात 'संरेखित कर' म्हणून बघा, पोरगं तोंडाकडं बघत बसंल. शॉपमध्ये दोन शब्द हायत आणि तुम्हाला पायजे तो फरक त्यातच हाय. 'लायनीला घे' म्हणजे रेषेवर आण. 'पॅरलल कर' म्हणजे जागेवरच वळव.

दुसरं म्हणजे, शब्द बदलून भागणार नाही, आज्ञाच चुकलीय. 'अलाइन' ही आज्ञा वस्तू हलवतेच. प्लेटीवरचा पहिला बिंदू, तो रेषेवर जिथं जायचा तो बिंदू, मग दुसरी जोडी, मग एंटर. शेवटी ती विचारते, मापही जुळवू का? तिथं 'नाही'च ठेवायचं. 'हो' दाबलं आणि प्लेटीची कड १२० मिमी, रेषेवरचं अंतर १५० मिमी असलं, तर अख्खी प्लेट सव्वापट होते. १२ चं होल १५ चं होतं आणि डोळ्याला कळत नाही.

जागेवर वळवायला 'रोटेट' वापरा. वस्तू निवडा, बेस पॉइंट म्हणून प्लेटीचा कोपरा द्या, मग 'रेफरन्स'साठी आर. प्लेटीच्या कडेची दोन टोकं दाखवा, मग 'पॉइंट्स'साठी पी, मग रेषेची दोन टोकं. चारही वेळा एंडपॉइंट स्नॅप, म्हणजे नेमकं टोक पकडणारी सोय, लागलेला पायजे. कडेची टोकं डावीकडून उजवीकडं आणि रेषेची उजवीकडून डावीकडं दाखवली की प्लेट १८० अंशात उलटी पडते. कड समांतरच असते, पण होलं भलत्या बाजूला.

शब्दवेल्हाळ
पद्धत पटली, 'पॅरलल कर' पटलं नाही. समांतर हा शब्द शाळेच्या भूमितीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. सम अधिक अंतर, कुठेही मोजा, अंतर तेवढंच. मूळ ग्रीक शब्दात नुसतं 'एकमेकांच्या शेजारी' एवढंच आहे, आपला शब्द उलट जास्त नेमका.

संरेखनातला 'सं' मात्र 'सम' नव्हे, तो 'सम्' उपसर्ग. म्हणजे त्या शब्दात समांतरपणा मुळातच नाही. शिवाय रस्त्यांच्या, रेल्वेच्या बातम्यांत संरेखन म्हणजे मार्ग कुठून जाणार ते. मुलांनी प्लेट रेषेवर नेली यात त्यांची चूक काय?

ओळंबा
गवंडी-सुतारांकडे बघायचं सोडून सगळे कोशाकडे का धावता? भिंत उभी सरळ असली की 'ओळंब्यात', कोपरा काटकोनात असला की 'गुण्यात', आणि आडवी रांग सरळ असली की 'सुतात' किंवा 'दोरीत'. अवजाराला '-त' लावला की शब्द तयार. सुतासारखा सरळ म्हणतोच की आपण. सुतार हा शब्दही सूत्रधारावरून आलेला. आणि इंग्रजी लाइनचं मूळ लॅटिनमध्ये जवसाच्या धाग्याशी जातं, म्हणजे तीही सूतच! 'अलाइन' म्हणजे 'सुतात घेणे'. पुरे.

उद्यमनगरी
शब्द लई भारी. पण सुतात म्हणजे एकाच दोरीवर, पुन्हा प्लेट रेषेवरच गेली की भावा. समांतरला '-त' लावायला अवजार कुठलं? मिलिंगवाले जॉबखाली घासलेल्या ठोकळ्यांची जोडी ठेवतात, तिचंच नाव 'पॅरलल'. आता 'पॅरललात' म्हणायचं का?

रेघोटी
'प्लेट जागेवर ठेवून रेषेला समांतर वळवा' असं लिहिते. पण पुढच्या धड्यात 'पॅरलल कन्स्ट्रेंट' आहे. तिथे 'वळवा' चालेल का?

बारीकसारीक
नाही चालणार. तिथे नुसतं वळवणं नसतं, नातं जोडलेलं असतं. पुढे रेषा फिरवली तर दुसरीही फिरते. 'समांतर बांधा' म्हणा. क्रम महत्त्वाचा: आधी रेषा निवडायची, मग प्लेटीची कड, कारण दुसरी निवडलेली वस्तू वळते. आणि प्लेट पॉलिलाइनची, म्हणजे सलग जोडलेल्या रेषांची, असेल तर फक्त तो एक भाग वळतो, आयत वाकडा होतो. आधी तिचा ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेला गट, करून घ्या, मग अख्खी एकसंध फिरते.

आणखी एक. रेषेचा कोन वाचून आकडा टाइप करू देऊ नका. कोनाची अचूकता मुळात शून्य दशांश स्थळांवर असते, त्यामुळे ३७.२४ अंश नुसतं ३७ दिसतं. ६०० मिमी लांबीच्या प्लेटीला दुसऱ्या टोकाशी अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे पाऊण सूत.

शब्दवेल्हाळ
बघा! सूत हे माप झालं. इंचाचा आठवा भाग. एकाच पानावर 'सुतात घ्या' आणि 'एक सूत सरकवा' आलं तर मुलांनी काय समजायचं?

ओळंबा
संदर्भावरून समजतं. 'पाणी'चा अर्थ धारेचा की प्यायचा, हे कळतंच ना?

बारीकसारीक
पाऊण सूत म्हणजे २.३८ मिमी, माझंच थोडं ढिलं झालं.

उद्यमनगरी
सूत ढिलंच असतंय. १२ मिलीच्या सळीला दुकानात चार सूत म्हणतात, हिशोबानं १२.७ यायला पायजे. १० मिलीला तीन सूत, ते ९.५२५.

शब्दवेल्हाळ
मग असलं माप टिपणांत घ्यायचंच कशाला?

ओळंबा
माप घेऊ नका हो, शब्द घ्या! आणि आठ मिलीला अडीच सूत म्हणतात, ते तरी बरोबर बसतंय की नाही?

रेघोटी
'समांतर बांधा' घेतलं. 'अलाइन'चं अजून रिकामंच आहे.