उ: गरम गाडी सुरू होत नाही
पोर्शे ९४४ तापली की सुरू होत नाही, या प्रश्नावर वर कुणीतरी 'फ्युएल पंप (इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप) बदलून टाका' असं सुचवलंय, ते मला पटत नाही. आधी रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) बघा. पोर्शे ९४४ च्या डीएमई (इंजिन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) रिलेत एकाच डबीत दोन रिले असतात: एक इंजिनाच्या कॉम्प्युटरला वीज देतो, दुसरा फ्युएल पंपाला. म्हणून तो गेला की स्टार्टर छान फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही.

माझी जुनी गाडी वेगळी, पण लक्षण हेच. उन्हात तापली की बंद, तासाभराने सुरू. रिलेचं झाकण हळूच उचकटून भिंगातून पाहिलं, तर आतल्या एका पायाभोवती (पिनभोवती) सोल्डरला केसाएवढी गोल चीर! जुनं सोल्डर ओढून काढलं, नवीन भरलं, गाडी चालू. कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर मात्र नवीनच घ्या.