अक्वायनसचा ईश्वर हायडेगरच्या आरोपात सापडतो का?

ओळंबा:
मंडळी, तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनस म्हणतो, ईश्वर म्हणजे निखळ असणं. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा आरोप असा की पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने ईश्वराला सगळ्यांना आधार देणारी सर्वोच्च वस्तू करून टाकलं, आणि ईश्वर व बाकीच्या वस्तू एकमेकांचा आधार ठरल्या. फ्रेंच तत्त्वज्ञ मारिओंने १९८२ साली ईश्वराला असण्याच्या चौकटीबाहेरच काढलं. हा आरोप अक्वायनसला लागू होतो का, हे मूळ ग्रंथात कुठे तपासायचं?

सांजवेळ:
आधी आरोप सुटा करा. मारिओंच्याच १९९५च्या लेखात तीन कसोट्या मिळतात: ईश्वर तत्त्वमीमांसेच्या, म्हणजे असण्याचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या, विषयात मोडतो का? सगळ्या वस्तूंना आधार देणारं कारण ठरतो का? आणि स्वतःचंही कारण ठरतो का?

आता अक्वायनसच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथाचा पहिला भाग उघडा. तिसरी कसोटी लगेच गळते: प्रश्न २, कलम ३ मध्ये अक्वायनस बजावतो की काहीही स्वतःचं कारण असू शकत नाही, कारण मग ते स्वतःच्या आधी असावं लागेल. पहिलीसाठी प्रश्न ३, कलम ५: ईश्वर वस्तूंच्या कुठल्याच वर्गात (genus) बसत नाही. खरी अडचण दुसरीची, कारण ईश्वर कारण आहे हे तो मान्यच करतो. तिथे प्रश्न ४५, कलम ३ बारकाईने वाचा. निर्मिती हा सृष्टीचा ईश्वराशी असलेला संबंध. तो सृष्टीत वास्तव असतो, ईश्वरात नाही. म्हणजे सृष्टी त्याच्यावर अवलंबून, तो तिच्यावर मुळीच नाही. हायडेगरला दिसणारी परस्परांना आधार देण्याची रचना इथे उभीच राहत नाही. मारिओंनेही त्या लेखात अक्वायनसला बऱ्याच अंशी मोकळं केलं.

ओळंबा:
मग विसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मचिंतक टिलिखचं 'ईश्वर म्हणजे खुद्द असणं' हेच झालं ना?

गाभारा:
नाही, आणि इथेच बहुतेक टिपणं फसतात. टिलिखच्या 'सिस्टिमॅटिक थिऑलॉजी'च्या १९५१च्या पहिल्या खंडात ते एक विधान सोडलं तर ईश्वराबद्दलचं बाकी सगळं बोलणं प्रतीकात्मक. अक्वायनसकडे (प्रश्न १३, कलम ३) 'चांगला' हा शब्द ईश्वराला खऱ्या अर्थाने लागतो, फक्त आपली बोलण्याची रीत तोकडी पडते.

मध्ययुगीन तत्त्वज्ञ डन्स स्कोटस म्हणतो की 'असणं' ही संकल्पना ईश्वर आणि सृष्टी दोघांना एकाच अर्थाने लागते. त्याच्यावर खापर फोडण्याआधीही थांबा. इंग्रज धर्मचिंतक मिलबँक आणि मंडळी त्याला आधुनिकतेचा मूळ दोषी ठरवतात; मला ते अन्यायाचं वाटतं. ईश्वर आणि सृष्टी यांत एकच वस्तू वाटून घेतलेली आहे, असं तो म्हणत नाही. संकल्पना समान नसेल तर अनुमानातलं मधलं पद दोन अर्थांचं होतं आणि निष्कर्षच निघत नाही, हा त्याचा मुद्दा. त्याला उत्तर द्यायचं तर तर्कशास्त्रातच द्यावं लागेल.

सांजवेळ:
प्रोटेस्टंट धर्मचिंतक बार्थ घेणार असाल तर कॅथलिक प्शिवाराबरोबरच वाचा, दोघांचे ग्रंथ १९३२चे. ईश्वर आणि सृष्टी यांच्या असण्यात साधर्म्य आहे, या कल्पनेला बार्थ ख्रिस्तविरोधकाची (Antichrist) निर्मिती म्हणतो. पण प्शिवारा १२१५च्या लॅटरन या चर्चच्या परिषदेचं सूत्र धरून चालतो: साम्य कितीही मोठं असो, भेद त्याहून मोठाच.