आईला शुगर आहे, साथीचा ताप आला तर घरी काय बघायचं?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी. माझी आई ६८ वर्षांची, मिरजेजवळ गावी वडिलांसोबत राहते. मी ठाण्याला. तिला शुगर निघून बरीच वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या आधीपासून आहेत, यंदा डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन ही आणखी एक जोडली. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.९ टक्के आली. सध्या गल्लीत तापाची साथ आहे आणि शेजारचे आजोबा ऑक्सिजनवर आहेत, म्हणून धास्ती.

आईचं म्हणणं असं की "ताप आला की मी जेवतच नाही, मग गोळ्या कशाला? शुगर आपोआप उतरते." असं खरंच होतं का? कोविडच्या वेळी शुगरवाल्यांना जपा असं जो तो सांगत होता. पण का जपायचं आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं, हे कुणी नीट समजावलं नाही. पप्पांना फोनवर सांगता येईल असं काही सांगा.

सिस्टर_कोल्हापूर

ताई, असं होत नाही. हा समज मी घरोघरी ऐकलाय आणि त्यानं फार नुकसान होतं.

ताप आला की शरीर कॉर्टिसॉल, अॅड्रिनॅलिन अशी संप्रेरकं जास्त सोडतं. त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं आणि इन्शुलिनचा असर कमी होतो. पोटात अन्नाचा कण नसला तरी शुगर चढते. आणि ती चढलेली राहिली की पांढऱ्या पेशी मंदावतात, संसर्गाच्या जागी उशिरा पोचतात, जंतू गिळायची त्यांची ताकद घटते. मग विषाणूच्या पाठोपाठ न्यूमोनियाही गाठतो. त्यात वर्षानुवर्षांच्या शुगरनं किडनी, हृदय आधीच थकलेलं असतं. इंग्लंडमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत कोविडनं रुग्णालयात दगावलेल्यांपैकी साधारण तिघांत एक मधुमेही होता. २००९ च्या स्वाइन फ्लूतही मधुमेह असलेल्यांना अॅडमिट व्हायची पाळी जास्त आली होती.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मी कोविड वॉर्डात होते. दम लागतो म्हणून माणसं यायची, शुगर बघावी तर चारशेच्या वर. कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे तिथेच पहिल्यांदा कळलं. वरून स्टिरॉइड, त्यानं शुगर आणखी चढते. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं जीव वाचवले यात शंका नाही. पण ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीतला डोस होता रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि फायदा दिसला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच. आपल्याकडे लोक मोबाइलवर आलेली चिठ्ठी दाखवून तापाच्या पहिल्या दिवसापासून ते घेत होते. मला आजही याचा राग येतो.

एक गोष्ट पप्पांना आवर्जून सांगा. सकाळी स्टिरॉइड घेतलं की शुगर दुपारनंतर चढते आणि रात्रीपर्यंत चढलेली राहते. उपाशीपोटीची १३० बघून नातेवाईक निर्धास्त व्हायचे, त्याच माणसाची संध्याकाळी ३८० निघायची. डॉक्टरांनी कधी स्टिरॉइड दिलंच, तर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासल्याशिवाय राहू नका.

टाइप१_पुणे

सिस्टरनी सांगितलंय त्यात आमच्यासारख्यांचं जोडतो. मला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. इंग्लंडच्या त्याच अभ्यासात वय वगैरे हिशेबात धरूनही रुग्णालयात मृत्यूचा धोका टाइप १ ला साडेतीन पट आणि टाइप २ ला, म्हणजे बहुतेकांना असतो त्या प्रकाराला, दुप्पट निघाला होता. तेव्हा हे वाचून झोप उडाली होती. मग पुढचं वाचलं, की चाळिशीच्या आतल्यांत प्रत्यक्ष मृत्यू फारच थोडे होते. वय हा घटक मोठा आहे, म्हणून तुमच्या आईंची काळजी रास्तच.

इन्शुलिनवर असलेल्यांनी, विशेषतः टाइप १ असेल तर, आजारात इन्शुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. जेवण जात नसलं तरी लाँग अॅक्टिंग, म्हणजे बराच वेळ पुरणारं इन्शुलिन घ्यायचंच, डोस डॉक्टरांना विचारून. इन्शुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो. मी घरी लघवीतल्या कीटोनच्या पट्ट्या ठेवतो.

ताई, डापाग्लिफ्लोझिनबद्दल नक्की विचारा. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. उलट्या-जुलाब होत असताना, पाणीही पोटात ठरत नसताना ती चालू राहिली, तर शुगर १८०-२०० दिसते आणि आत कीटोन वाढलेले असतात. मीटर बघून कुणाला शंकाही येत नाही. अशा आजारात ती थांबवायला सांगतात.

मिरजेची_लेक

बाप रे, हे माहीतच नव्हतं. म्हणजे गोळी बंद करण्याचं आई म्हणते ते थोडं बरोबरच का? सिस्टर, मग कुठली ठेवायची? आणि दिवसातून किती वेळा तपासायचं? बोट टोचायला ती फार कुरकुरते.

नाशिक_दातवाला

मध्येच बोलतो. मी दंतवैद्य आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण आमच्याकडेही यायचे, कारण काहींना सुरुवात दात हलण्यापासून व्हायची. वरच्या जबड्यातले दोन-तीन दात अचानक सैल, एकाच बाजूचा गाल दुखतो किंवा बधिर पडतो, नाकातून काळपट खपली, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणं. जून २०२१ अखेर देशात ४० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते, त्यांतले साधारण ६४ टक्के मधुमेही. वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड एकत्र आलं की या बुरशीला रान मोकळं. साधा फ्लू झालेल्यांनी याची धास्ती घेऊ नये. पण मोठ्या आजारातून, स्टिरॉइड घेऊन उठलेल्या मधुमेही माणसाला यातलं काही जाणवलं, तर त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. माझे काही रुग्ण जबडा गमावून वाचले, काही वाचले नाहीत.

सिस्टर_कोल्हापूर

ताई, प्रत्येक गोळीचं वेगळं असतं, म्हणून "सगळ्या बंद" हेही चूक आणि "सगळ्या चालू" हेही. ग्लिमेपिराइड घेऊन जेवलं नाही तर शुगर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की मेटफॉर्मिनही काही दिवस थांबवावी लागते. नुसता ताप असेल आणि आई थोडंथोडं खात असतील, तर बहुतेक वेळा गोळ्या चालूच ठेवतात. पण आईंच्या किडनीचा रिपोर्ट बघून हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आत्ता, ताप नसताना त्यांच्याकडे जा. जेवण जात नसेल तर कुठली गोळी थांबवायची, उलट्या असतील तर कुठली, आणि कधी परत सुरू करायची, हे मराठीत लिहून घ्या. पप्पांनी तो कागद गोळ्यांच्या डब्यावर चिकटवावा.

तापात दर चार-सहा तासांनी तपासा. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचलं की कमी दुखतं. हात आधी धुऊन कोरडे करा, फळ कापलेल्या हाताने खोटा आकडा येतो. जेवण जात नसेल तर पेज, डाळीचं पाणी, ताक घोटघोट चालू ठेवा. शुगर सलग दोनदा ३०० च्या वर, पाणीही टिकत नाही, गुंगी, दम, किंवा बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. २००९ चा स्वाइन फ्लू आता दरवर्षीच्या फ्लूमध्येच मिसळलाय, आणि आपल्याकडे पावसाळ्यातही तो जोर धरतो. आईंनी यंदाची घेतली नसेल तर त्याच भेटीत विचारा, न्यूमोनियाच्या लसीचंही. पप्पांनाही द्या. घरात दोघंच असतील तर एकाचा ताप दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.