मदत हवी आहे : आकाशगंगा नीट येते, पण पुढचा लाव्हा कोळशासारखा काळा येतो

नमस्कार मंडळी,

मी सध्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथे असून तेइदे राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी माझ्या हाती दोनच रात्री उरल्या आहेत. सुमारे २,००० मीटर उंचीवरचे हे ओसाड ज्वालामुखी पठार कोरडे आहे आणि खाली ढगांचा थर पसरला की किनाऱ्यावरच्या गावांचे दिवेही झाकले जातात; त्यामुळे आकाशाबद्दल माझी तक्रार नाही. अडले आहे ते जमिनीपाशी.

काल १७९८ च्या उद्रेकातील लाव्ह्याच्या कडेला, पायवाट न सोडता (ती सोडण्यास येथे मनाई आहे), कॅमेरा दक्षिणेकडे लावला. लेन्स २० मिमी, छिद्र एफ २, एक्स्पोजर (प्रकाश टिपण्याचा वेळ) १५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००. तारे टिपक्यांसारखे नेमके आले, लाव्हा मात्र निव्वळ काळा. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) सावल्या तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उजळताच दगडांच्या खाचांत जांभळट झाक आणि आडवे पट्टे उमटले. टॉर्च फिरवून पाहिला, तर तोच दगड नाटकातल्या पुठ्ठ्याच्या खडकासारखा दिसू लागला. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीचाच, पण त्यावर गवत-शेवाळाच्या चार उजळ छटा मिळतात. इथे तेवढाही आधार नाही.

चार मिनिटांचे एक्स्पोजरही करून पाहिले. वारा होता म्हणून ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग अडकवली, तर बॅगच झोके घेऊ लागली आणि दगडाच्या कडा दुहेरी आल्या.

आज श्रावण शुद्ध चतुर्थी, उद्या नागपंचमी. उद्याची कोर अकराच्या सुमारास मावळेल, म्हणून ट्रायपॉड न हलवता आधी पश्चिमेकडून येणाऱ्या तिरप्या चांदण्यात लाव्हा आणि चंद्र मावळल्यावर आकाश, असे दोन भाग टिपून जोडण्याचा विचार आहे. पुण्याहून आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला सुमारे ४२ अंशांवर चढतो, इथे जेमतेम ३३, त्यामुळे जोड नेमकी पठाराच्या कड्यालगत, आकाशगंगेच्या सर्वांत उजळ भागाशीच येणार.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. पुढचा दगड दोनच मीटरवर असल्याने त्यासाठी फोकस बदलावा लागेल आणि तसे केल्यावर चौकट किंचित आकसते. मग कड्याशी पांढरी किनार न उमटता जोड कशी साधावी? की दगडापासून सात-आठ मीटर मागे सरून एकाच फोकसवर काम भागवणे शहाणपणाचे? आणि चांदण्याऐवजी संधिप्रकाशातच लाव्हा टिपणे कोणाला अधिक सोयीचे वाटले आहे का? निळसर जमिनीवर अंधारे आकाश मला खोटे वाटते, पण तो माझा पूर्वग्रहही असू शकेल.

उद्या सायंकाळी सहाला (भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा) वर निघायचे आहे. त्याआधी उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.